दाखल्यासाठीं विश्वास लपवावा काय?

दरवर्षीं जून महिना आला म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत एक प्रश्न हलक्या आवाजानें विचारला जातो. तो उपासनेंत कोणी विचारीत नाहीं. उपासना आटोपल्यावर पाळकास किंवा उपदेशकास मंदिराच्या ओट्यावर बाजूला घेऊन तो विचारला जातो. मुलगा दहावी पास झाला आहे आणि त्याला पुढें शिकावयाचें आहे. आईबाप दसरा झाला कीं कोयता घेऊन ऊसतोडीस जातात; फी भरण्याचें सामर्थ्य घरांत नाहीं. अर्जावर ‘हिंदु’ आणि त्यापुढें आजोबांची जात लिहिली तर शिष्यवृत्ति मिळते, वसतिगृहांत जागा मिळते, पुढें राखीव नोकरीचाहि मार्ग मोकळा होतो. ‘ख्रिस्ती’ लिहिलें तर त्यांतील पुष्कळसें हातचें जातें. मग काय लिहावें?

ह्या प्रश्नाला आमच्यांत दोन उत्तरें दिलीं जातात. एक म्हणतो, “कागद सरकारचा आणि अंतःकरण देवाचें, कागदावर वाटेल तें लिहा.” दुसरा म्हणतो, “असें लिहिणारा पेत्राप्रमाणें प्रभूला नाकारतो. त्याला मंडळींतून काढा.” पहिलें उत्तर फार सोपें आहे आणि दुसरें फार कठोर आहे. दोहोंतहि विचार थोडा आणि घाई फार, असें आम्हांस वाटतें. ज्यांना हा प्रश्न घरांत सोसावा लागतो त्यांना याहून चांगलें उत्तर मिळालें पाहिजे, म्हणून आज त्याविषयीं सविस्तर लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम कायदा काय आहे तें पाहूं. भारताचें संविधान २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलें. त्याच्या २५ व्या कलमानें प्रत्येकास आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणें धर्म मानण्याचें, आचरण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य दिलें. त्याच वर्षीं अनुसूचित जातींविषयीं राष्ट्रपतींचा हुकूम निघाला. त्यांत, थोडे अपवाद सोडून, असें ठरलें कीं हिंदु धर्माहून निराळा धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाहीं. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्या हुकुमांत घेण्यांत आलें. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. आमच्या राज्यांत अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गांत होते, परंतु त्या सवलती निराळ्या आहेत. म्हणजे एका हातानें विश्वासाचें स्वातंत्र्य दिलें आहे आणि दुसऱ्या हातानें त्या विश्वासावर कर बसविला आहे. हा कर श्रीमंताला लागत नाहीं. ज्याच्या आजोबांस गांवच्या विहिरीवर पाणी भरूं देत नसत, त्याच्याच नातवाला तो भरावा लागतो.

आतां वाचकांस वाटेल कीं असा प्रसंग जगांत आमच्यावरच आला. परंतु तसें नाहीं. ज्या प्रॉटेस्टंट लोकांकडून पुष्कळ पिढ्यांनंतर शुभवर्तमान आमच्या मुलखांत आलें, त्यांनाहि त्यांच्याच देशांत हा प्रश्न दीडशें वर्षांहून अधिक काळ सोसावा लागला. त्यांनीं काय केलें, कोठें चुकले आणि शेवटीं कसे सुटले, हें पाहिलें असतां आमच्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

इंग्लंडांत १५३४ सालीं आठव्या हेन्री राजानें रोमच्या पोपाशीं संबंध तोडून स्वतःस आपल्या देशांतील मंडळीचा मुख्य ठरविलें. ह्यांत धर्माचा विचार थोडा आणि राजाच्या लग्नाचा व सत्तेचा विचार फार होता. परंतु एकदां लोकांच्या हातीं त्यांच्या भाषेंतील शास्त्र आल्यावर गोष्ट राजाच्या हातीं राहिली नाहीं. शास्त्र वाचणारे विणकर, चांभार व शेतकरी विचारूं लागले कीं पोप जर मंडळीचा धनी नव्हे, तर राजा तरी कसा असेल? मंडळीनें आपला पाळक आपण निवडावा, असें त्यांतील कित्येक म्हणूं लागले. धर्मांतील हा प्रश्न लवकरच राज्यांत शिरला. जो मनुष्य आपला पाळक निवडतो, पंच निवडतो, वर्गणीचा हिशेब मागतो, तो पुढें राजालाहि हिशेब मागूं लागतो. राजा व पार्लमेंट यांच्यांत लढाई झाली आणि ३० जानेवारी १६४९ रोजीं पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. अकरा वर्षें शुद्धिवादी पक्षाचें राज्य होतें. परंतु त्या पक्षानेंहि इतरांस स्वातंत्र्य दिलें नाहीं. त्यानें सरकारी मंडळीचें प्रार्थनापुस्तक बंद केलें आणि तिच्या कित्येक पाळकांस घराबाहेर काढलें. जो छळ सोसला, तोच हातीं सत्ता येतांच दुसऱ्यावर केला. ही गोष्ट आमच्या वाचकांनीं मनांत ठेवावी, कारण पुढें तिचा उपयोग आहे.

१६६० सालीं राजाचा मुलगा परत आला आणि चाक उलटें फिरलें. १६६२ च्या ऑगस्ट महिन्यांत असा कायदा अमलांत आला कीं प्रत्येक पाळकानें सरकारी प्रार्थनापुस्तकास संपूर्ण संमति द्यावी, नाहींतर जागा सोडावी. त्या सुमारास जवळजवळ दोन हजार पाळकांनीं जागा सोडल्या. बायकामुलें घेऊन ते घराबाहेर पडले. ह्यांस व ह्यांच्या मागें जाणाऱ्या लोकांस ‘डिसेंटर’ म्हणत, म्हणजे सरकारी मंडळीशीं सहमत नसलेले. ‘यात्रिकक्रमण’ ह्या पुस्तकामुळें आमच्या घरोघरीं ओळखीचा झालेला जॉन बन्यन हा त्यांच्यांतलाच. तो फुटकीं भांडीं सांधणारा कारागीर होता. परवानगीवांचून उपदेश करितो म्हणून त्याला तुरुंगांत टाकलें, आणि “उपदेश करणार नाहीं” एवढें न म्हटल्यामुळें तो तेथें बारा वर्षें राहिला. घरीं त्याची एक आंधळी मुलगी होती. तुरुंगांत तो नाड्या विणी आणि त्यांच्या विक्रीवर कुटुंब पोशी.

परंतु आमच्या प्रश्नाशीं अधिक जवळचा कायदा निराळाच आहे. १६६१ सालीं ठरलें कीं शहराच्या पंचायतींत ज्याला निवडून यावयाचें असेल, त्यानें निवडणुकीपूर्वीं एका वर्षांत सरकारी मंडळींत प्रभुभोजन घेतलेलें असलें पाहिजे. १६७३ सालीं दुसरा कायदा झाला. त्याचा रोख मुख्यतः रोमन कॅथोलिक लोकांवर होता, परंतु त्यांत डिसेंटरहि सांपडले. ज्याला सरकारी हुद्दा मिळेल त्यानें तीन महिन्यांच्या आंत सरकारी मंडळींत प्रभुभोजन घ्यावें आणि तसा दाखला आणावा, असें त्यांत ठरलें. वाचकहो, हा ‘दाखला’ शब्द आमच्या कानांना किती ओळखीचा आहे! १६८९ सालीं डिसेंटरांस आपल्या मंदिरांत उघड उपासना करण्याची मोकळीक मिळाली, परंतु दाखल्याचा कायदा राहिलाच. उपासना करा, तुरुंग नाहीं. परंतु हुद्दा पाहिजे तर दाखला आणा. आमच्या १९५० च्या हुकुमाची रचना याहून फार निराळी नाहीं.

तेव्हां डिसेंटरांपुढें वाटा फुटल्या. कित्येकांनीं हुद्द्याचा विचारच सोडला. कित्येक हळूहळू सरकारी मंडळींत विरून गेले. त्यांत श्रीमंत घराणीं पुष्कळ होतीं. आणि कित्येकांनीं मधली वाट काढली. वर्षांतून एकदां सरकारी मंडळींत जावें, प्रभुभोजन घ्यावें, दाखला घ्यावा, आणि पुढील रविवारीं पुन्हा आपल्या मंदिरांत येऊन बसावें. १६९७ सालीं सर हम्फ्री एडविन हा लंडन शहराचा मेयर होता. त्यानें दाखल्यापुरतें प्रभुभोजन घेतलें होतें, आणि मग मेयरचा झगा व सर्व सरंजाम घेऊन तो समारंभानें डिसेंटरांच्या उपासनेस गेला. साऱ्या देशांत गवगवा झाला.

ह्यावर डिसेंटरांतच मोठा वाद झाला, आणि दोन्ही बाजूंस भले लोक होते. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणारा डॅनिएल डीफो हा स्वतः डिसेंटर. त्यानें १६९८ सालीं पुस्तक लिहून आपल्याच लोकांस टोंचून विचारलें. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा: सरकारी मंडळीचें प्रभुभोजन घेणें जर पाप नाहीं, तर तुम्ही तिच्यांतून निराळे कां झालां? आणि जर तें पाप आहे, तर मेयर होण्यासाठीं तें पुण्य कसें झालें? हा डीफो नुसता बोलणारा नव्हता. १७०३ सालीं त्याच्या दुसऱ्या एका लिखाणाबद्दल त्याला तीन दिवस भर चौकांत लांकडी खोड्यांत उभें केलें होतें. उलट बाजूस जॉन हौ नांवाचा वृद्ध पाळक होता. त्याच्या मंडळींतील सर टॉमस ॲब्नी हा पुढें मेयर झाला. जगभर ज्यांचीं गीतें गाइलीं जातात ते आयझॅक वॉट्स पुष्कळ वर्षें ह्याच ॲब्नी कुटुंबांत राहिले. हौ व त्याच्या मताचे लोक म्हणत कीं सरकारी मंडळीहि ख्रिस्ताचीच आहे. तिच्याशीं आमचा मतभेद मुख्य गोष्टींत नाहीं. कित्येक थोर पाळक हुद्द्याचा प्रश्न नसतांनाहि केवळ प्रीतीची खूण म्हणून अधूनमधून तेथें प्रभुभोजन घेत असत. मग हुद्देवाल्यानेंच तें घेतलें तर तें ढोंग कसें?

हौचें म्हणणें हलकें समजूं नये. मनुष्याच्या एकाच कृतीमागें प्रीति आहे कीं लोभ आहे, हें बाहेरून ओळखतां येत नाहीं. परंतु आम्हांस वाटतें कीं ह्याच कारणामुळें तो कायदा अधिक वाईट होता. प्रीतीनें घेतलेलें प्रभुभोजन आणि दाखल्यासाठीं घेतलेलें प्रभुभोजन यांचा रंग त्यानें एकच करून टाकला. जो प्रीतीनें जाई त्याच्यावरहि लोभाचा संशय येऊं लागला. सरकारी मंडळीचे कित्येक पाळकहि कष्टी झाले. ज्याला पश्चात्तापहि नाहीं व विश्वासहि नाहीं असा मनुष्य केवळ हुद्द्यासाठीं मेजाशीं आला तरी त्याला परत पाठविणें त्यांना कठीण होई. सरकारनें धर्माला किंमत लावली म्हणजे तो ज्यांच्या विरुद्ध असतो त्यांचेंच नुकसान होतें असें नाहीं; ज्यांच्या बाजूचा असतो त्यांचा धर्महि मळतो.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लंडन शहराच्या पंचायतीनें १७४८ सालीं नियम केला कीं शेरीफाच्या कामावर निवडलेल्या मनुष्यानें तें काम नाकारलें तर त्याला दंड व्हावा. निवडणूक झाल्यावर नाकारलें तर सहाशें पौंड. मग पंचायत मुद्दाम डिसेंटरांस निवडूं लागली. दाखला नसल्यामुळें त्यांना काम घेतां येईना, आणि न घेतलें म्हणून दंड भरावा लागे. त्या पैशांतून मेयरचा वाडा बांधला गेला. शेवटीं ॲलन एव्हन्स व त्याचे सोबती कोर्टांत गेले, आणि १७६७ सालीं देशाच्या सर्वांत वरच्या न्यायसभेनें निकाल दिला कीं सरकारी मंडळीशीं सहमत नसणें हा कांहीं गुन्हा नव्हे. इकडे दार बंद करावयाचें आणि तिकडे आंत आला नाहीं म्हणून दंड करावयाचा, ही युक्ति आमच्या गांवकीलाहि अपरिचित नाहीं.

आतां आमच्याकडे वळूं. इंग्रज डिसेंटर आणि आमचा ऊसतोड करणारा बंधु यांच्यांत एक मोठा भेद आहे, आणि तो सांगितल्यावांचून न्याय होणार नाहीं. वर्षांतून एकदां दाखला घेणारे इंग्रज बहुतेक सधन व्यापारी होते. त्यांना मेयरचा झगा पाहिजे होता. तो मिळाला नसता तरी त्यांच्या घरीं चूल पेटलीच असती. आमच्या मुलाला झगा नको आहे. त्याला वसतिगृहांत दोन वेळची भाकरी आणि कॉलेजाची फी पाहिजे आहे. ती मिळाली नाहीं तर पुढच्या दसऱ्याला त्याच्या हातीं कोयता येणार. जो मनुष्य मानासाठीं विश्वास झांकतो आणि जो पोटासाठीं झांकतो, ते दोघे एकाच तराजूंत घालूं नयेत. डीफोचा प्रश्न मेयराला शोभतो; त्याच कडकपणानें तो पंधरा वर्षांच्या पोराला विचारणें निर्दयपणाचें आहे.

तरीपण प्रश्न नाहींसा होत नाहीं. शास्त्रांत ह्याविषयीं दोन गोष्टी आहेत आणि त्या जोडीनें वाचाव्यात. अरामाचा सेनापति नामान कोडापासून बरा झाल्यावर अलीशाला म्हणतो कीं, माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळांत वांकेल तेव्हां मलाहि वांकावें लागेल; त्याची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला शांतीनें जाण्यास सांगतो. दुसरी गोष्ट दानीएलाची. हुकूम निघाल्यावरहि तो खिडक्या उघड्या ठेवून पूर्वींप्रमाणें तीन वेळां प्रार्थना करितो आणि सिंहांच्या गुहेंत जातो. पहिल्या गोष्टींत दया आहे आणि दुसरींत दृढता आहे. परंतु पुष्कळ जण नामानाची गोष्ट अर्धीच वाचतात. नामानानें कांहीं लपविलें नाहीं. पुढें काय करावें लागणार तें त्यानें संदेष्ट्याला अगोदर सांगितलें, क्षमा मागितली, आणि जें करणार तें योग्य आहे असें एकदांहि म्हटलें नाहीं. अडचणींत सांपडलेला मनुष्य आणि अडचणीलाच धर्म मानणारा मनुष्य यांत हाच भेद आहे.

शिवाय कागद हा केवळ सरकारचा असतो हें म्हणणेंहि खरें नाहीं. त्याच्यावर सही आमची असते. अर्ज भरणारा ‘वरील मजकूर खरा आहे’ असें लिहून देतो. जो मुलगा सोळाव्या वर्षीं शिकतो कीं सहीचा व सत्याचा संबंध नाहीं, तो पुढें तलाठी झाला, ग्रामसेवक झाला, मंडळीचा खजिनदार झाला, तर त्याच्या सहीवर कोण विश्वास ठेवील? आणि ह्या वाटेंत भयहि आहे. २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दक्षिणेकडील एका प्रकरणांत म्हटलें कीं, बाप्तिस्मा घेऊन नेमानें ख्रिस्ती उपासना करणाऱ्यानें केवळ आरक्षणासाठीं हिंदु असल्याचा दावा करणें ही संविधानाची फसवणूक होय. ज्या दाखल्यावर नोकरी उभी आहे तो दाखलाच केव्हां खालून निघेल, ह्या धास्तींत मनुष्य तीस वर्षें काढतो. तो मंदिरांत यावयाचें टाळतो, मुलांचा बाप्तिस्मा लांबवितो, मंडळीच्या पुस्तकांत नांव घालूं देत नाहीं. कागदावर एकदां लिहिलेला शब्द शेवटीं घरांत शिरतो.

मग उपाय काय? येथें पुन्हा इंग्रज डिसेंटरांकडे पाहावें. ऑक्सफर्ड व केंब्रिज हीं विद्यापीठें त्यांना बंद होतीं. एकांत प्रवेशालाच सरकारी मंडळीच्या मतांवर सही करावी लागे, दुसऱ्यांत पदवीच्या वेळीं. १८५४ व १८५६ पासून ती अट सैल होऊं लागली आणि १८७१ सालीं बहुतेक गेली. तोंपर्यंत ते रडत बसले नाहींत. त्यांनीं आपल्या शाळा काढल्या. घरदार गेलेल्या पाळकांनीं पडवींत मुलें जमवून शिकविलीं. डीफो अशाच शाळेंत शिकला. प्राणवायूचा शोध लावणारांपैकीं जोसेफ प्रीस्टली हा अशाच एका शाळेंत शिक्षक होता. जुन्या विद्यापीठांहून ह्या शाळांत कित्येक विषय चांगले शिकवीत. दाखल्याची वाट बंद झाली म्हणून ज्ञानाची वाट त्यांनीं बंद होऊं दिली नाहीं.

दुसरें, त्यांनीं हत्यार उचललें नाहीं व गप्पहि बसले नाहींत. १७३२ सालीं लंडनच्या आसपास दहा मैलांतील प्रेस्बिटेरियन, इंडिपेंडंट व बाप्टिस्ट ह्या तिन्ही पंथांच्या प्रत्येक मंडळीनें दोन दोन प्रतिनिधि निवडले आणि एक सभा बनविली. हे तीन पंथ एकमेकांशीं पुष्कळ गोष्टींत भांडत. पण ह्या कामापुरते एक झाले. १७३६ सालीं पार्लमेंटांत मागणी केली, ती फेटाळली गेली. १७३९ सालीं फेटाळली गेली. १७८७ सालीं फेटाळली गेली. १७८९ सालीं केवळ वीस मतांनीं हुकली. १७९० सालीं फ्रान्सांतील राज्यक्रांतीच्या भीतीनें मोठ्या बहुमतानें आपटली. मागणी करणारांचे नातू म्हातारे झाले. शेवटीं २६ फेब्रुवारी १८२८ रोजीं लॉर्ड जॉन रसेल यांचा ठराव २३७ विरुद्ध १९३ मतांनीं पास झाला आणि त्याच वर्षीं दाखल्याचा कायदा रद्द झाला. पहिली सभा भरल्यापासून शहाण्णव वर्षें लागलीं.

ह्यांत राजकारणाचा मोठा धडा आहे. त्या दिवसापासून इंग्लंडांत नागरिक कोण याचा अर्थ बदलूं लागला. १८२९ सालीं रोमन कॅथोलिकांस पार्लमेंट मोकळी झाली, १८५८ सालीं यहुदी मनुष्य तेथें बसला. परंतु लाजेची गोष्टहि सांगितली पाहिजे. १८२८ सालीं स्वतःसाठीं न्याय मागणाऱ्या डिसेंटरांपैकीं कित्येकांनीं १८२९ सालीं कॅथोलिकांस तोच न्याय देण्यास विरोध केला. शुद्धिवाद्यांची जुनी चूक पुन्हा डोकावली. सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य हें माझ्यापुरतें मागितलें तर तें हट्ट ठरतें. शेजाऱ्यासाठींहि मागितलें तरच तें तत्त्व होतें.

ह्या इतिहासाचा आमच्याशीं रक्ताचा नसला तरी वंशाचा संबंध आहे. १६२० नंतर जे शुद्धिवादी इंग्लंड सोडून अमेरिकेस गेले, त्यांच्याच परंपरेंतील मंडळ्यांनीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांस पाठविलें. ते १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. कंपनी सरकारनें त्यांस परत जाण्याचा हुकूम केला. त्यांनीं बंड केलें नाहीं; सदसद्विवेकबुद्धीच्या नांवानें गव्हर्नर साहेबांस पत्रें लिहिलीं आणि राहिले. १८३१ सालीं त्या मिशनचें काम अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, सुरू झालें. पुढें १८५० सालीं कंपनी सरकारनें २१ वा कायदा करून ठरविलें कीं धर्म बदलल्यामुळें कोणाचा वारसाहक्क जाणार नाहीं. तो कायदा कंपनीच्या मुलखापुरता होता. नगरास तो लागू. आमचा बीड जिल्हा मोगलाईंत, म्हणजे निजामाच्या राज्यांत, आणि तेथें तो १९४८ च्या सप्टेंबरपर्यंतच राहिला. एका बाजूच्या शिवारांत विश्वासाची एक किंमत आणि दुसऱ्या बाजूच्या शिवारांत दुसरी, हें आमच्या पूर्वजांनीं अनुभविलें आहे.

याहून जवळचें उदाहरण आमच्या गांवांतच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपुरास बौद्ध धर्म स्वीकारला. त्यांच्या मागून मराठवाड्यांतील कित्येक वस्त्याच्या वस्त्या बौद्ध झाल्या. महाराष्ट्र राज्यानें त्यांस आपल्या सवलती लवकर दिल्या, परंतु केंद्राच्या हुकुमांत त्यांचें नांव येण्यास १९९० साल उजाडलें. त्या चौतीस वर्षांत त्यांच्यांतहि कागदावर एक व घरांत दुसरें असें लिहिणारे होतेच. पण पुष्कळांनीं नुकसान सोसून ‘बौद्ध’ असें उघड लिहिलें, आणि उघड लिहिलें म्हणूनच त्यांची मागणी सरकारास मोजतां आली. लपलेल्या माणसाची गणना होत नाहीं आणि ज्याची गणना नाहीं त्याची मागणी ऐकली जात नाहीं. आमचे जे बंधु कागदावर लपतात ते आपल्याच मागणीचें बळ कमी करितात.

येथें एक कडू गोष्ट आम्हांस सांगावी लागते. मद्रासकडील एका ख्रिस्ती चांभारानें ह्या हुकुमाविरुद्ध दाद मागितली असतां १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, ख्रिस्ती झाल्यावरहि जातीचे तेच त्रास ख्रिस्ती समाजांत चालू राहतात याचा पुरेसा पुरावा पुढें आलेला नाहीं. आतां ह्याला आम्ही काय उत्तर देणार? व्यासपीठावरून आम्ही सांगतों कीं आमच्यांत जात नाहीं. आणि अर्ज लिहितांना सांगतों कीं जात अजून सुटली नाहीं. दोन्ही वाक्यें एकाच तोंडांतून निघतात. खरें काय तें सोयरीक जमवितांना कळतें. महारांतून आलेलें घर आणि मांगांतून आलेलें घर एका मंदिरांत बसतें, एका प्याल्यांतून पितें, आणि मुलाचें लग्न ठरवितांना पुन्हा पूर्वीच्या वस्तीकडे वळतें. हें आधीं आमच्यांतच मान्य केलें पाहिजे. गांवानें आमच्यावर लादलेली जात निराळी आणि आम्ही स्वतः जपलेली जात निराळी. पहिलीविषयीं सरकारापुढें न्याय मागावा. दुसरीविषयीं देवापुढें पश्चात्ताप करावा. दोन्ही गोष्टी खऱ्या बोलल्यानें आमची बाजू दुबळी होणार नाहीं. २००७ सालीं न्यायमूर्ति रंगनाथ मिश्र यांच्या आयोगानें हुकुमांतील धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, आणि २०२२ सालीं सरकारनें न्यायमूर्ति बालकृष्णन यांचा आयोग ह्याच प्रश्नाच्या चौकशीसाठीं नेमला. अशा ठिकाणीं खरें बोलणाऱ्या साक्षीदारांची गरज असते.

तर मग मुलानें काय लिहावें? आमचें उत्तर असें आहे: जें खरें तें लिहावें. परंतु हें उत्तर देण्याचा अधिकार त्याच मंडळीला आहे, जी त्या उत्तराची किंमत मुलाबरोबर भरण्यास तयार असते. “खरें लिही” असें सांगून मंडळी घरीं जाऊन निजली, आणि मुलाच्या हातीं कोयता आला, तर त्या पापांत मंडळीचा वांटा मोठा आहे. सुगीच्या सणाला धान्य जमा होतें, लग्नांत मांडवासाठीं कर्ज निघतें. मग एका मुलाच्या वर्षाच्या फीसाठीं वीस घरांची वर्गणी कां निघूं नये? इतर मागासवर्गाच्या व अल्पसंख्याकांच्या ज्या शिष्यवृत्त्या खऱ्या नांवानें मिळूं शकतात, त्यांची माहिती उपदेशकानें तालुक्याच्या गांवीं जाऊन आणावी आणि मे महिन्यांतच घरोघर सांगावी. पुष्कळ वेळां मुलगा खोटें लिहितो तें खरी वाट कोणी दाखविली नाहीं म्हणून.

आणि ज्यानें पूर्वीं तसें लिहिलें आहे, ज्याची नोकरी त्यावर उभी आहे, जो मागच्या बांकावर मान खालीं घालून बसतो, त्याच्याशीं कसें वागावें? त्याला मेजापासून हांकलूं नये. त्याच्या वर्गणीसाठीं त्याच्या गोष्टीकडे डोळेझांकहि करूं नये. त्याच्यापाशीं बसावें, नामानाची गोष्ट पूर्ण वाचावी, आणि त्याला मोकळेपणानें बोलूं द्यावें. त्यानें तें योग्य होतें असें म्हणूं नये आणि आम्ही तो परका आहे असें म्हणूं नये. पुढचें पाऊल कोणतें व केव्हां टाकावें हें त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोंपवावें, कारण जें स्वातंत्र्य आम्ही सरकारापाशीं मागतों तेंच त्याला नाकारणें बरें नव्हे. परंतु पाळक, उपदेशक व पंच ह्यांनीं स्वतःचे कागद दानीएलाच्या खिडकीसारखे उघडे ठेवावेत. ज्यांनीं मंडळीचें पुढारपण घेतलें आहे त्यांना नामानाची सवलत मागतां येत नाहीं.

इंग्लंडांत प्रत्येक मंडळीनें दोन माणसें निवडून पाठविलीं आणि काम सुरू झालें. आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत आमच्या मंडळ्या लहान आहेत, पण दोन माणसें प्रत्येकींत निघतील. त्यांनीं आधीं आपल्या गांवांत किती मुलें शिकतात, किती जणांनीं शाळा सोडली आणि कां सोडली, हें पुस्तकांत खरें खरें लिहून काढावें. पुढच्या जूनपूर्वीं एवढें झालें तरी ओट्यावर हलक्या आवाजानें विचारला जाणारा प्रश्न मंदिरांत मोठ्यानें विचारतां येईल.